आगोटीची बेगमी आणि घरखर्चातील काटकसर
(पनवेल तालुक्यातील शेतकरी कुटुंबे व गावपातळीवरील कार्यकर्ते यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शेतीचे उत्पन्न वर्षातून एकदा, फार तर दोनदा घरात येते. खर्च मात्र रोज उंबरठा ओलांडून बाहेर जातो. उत्पन्न कसे वाढवावे याविषयी शेतकऱ्याला पुष्कळ सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु वाढलेले उत्पन्न घरात टिकले नाही, तर सुधारित बियाणे, खते व नवी अवजारे यांचा लाभ शेवटी दुकानदाराला किंवा सावकाराला मिळतो. म्हणून पीकवाढीच्या शिक्षणाबरोबर घरखर्चाचे शिक्षणही शेतकरी कुटुंबाला मिळाले पाहिजे.

पनवेल तालुक्यात या शिक्षणाची गरज विशेष आहे. येथे मुख्य पीक खरिपातील भाताचे. काही शेतांत भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेतला जातो. एका बाजूस शेती अशी पावसावर अवलंबून, तर दुसऱ्या बाजूस मोठे शहर दाराशी आलेले. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेले हे गाव २०१६ मध्ये महानगरपालिका झाले. शहरामुळे मजुरी, नोकरी व बाजारपेठ मिळाली, त्याचप्रमाणे खर्चाच्या शंभर वाटाही मोकळ्या झाल्या. पूर्वी जी वस्तू परसात किंवा शिवारात मिळत असे, ती आता पुडीतून व पिशवीतून येते. पैसा हाती खेळतो, पण जून महिन्यात बियाणे व मजुरीसाठी तो शिल्लक असतोच असे नाही.

काटकसर म्हणजे काय?

काटकसर म्हणजे पोटाला चिमटा घेणे नव्हे. मुलाचे दूध बंद करणारा किंवा आजाऱ्याचे औषध टाळणारा मनुष्य काटकसरी नसून अदूरदर्शी होय, कारण आज वाचविलेले पन्नास रुपये उद्या पाचशेचा खर्च घेऊन येतात. जे घरात व शेतात होऊ शकते ते विकत न आणणे, जे विकत आणावेच लागते ते योग्य वेळी व मोजून आणणे, आणि उरलेला पैसा पुढील हंगामाच्या आधी नाहीसा होऊ न देणे, या तीन गोष्टी म्हणजे काटकसर. तिचा हेतू एकच आहे: मृग नक्षत्र लागताना घरात धान्य असावे, खरिपासाठी रोकड असावी आणि कोणाच्या दारात हात पसरण्याची वेळ येऊ नये.

पहिली सवय : हिशेबाची वही

कोणताही खर्च कमी करण्यापूर्वी तो दिसला पाहिजे. मोठा खर्च लक्षात राहतो; लहान खर्च विसरला जातो आणि पुष्कळदा तोच मोठा असतो. शंभर पानांची एक वही घ्यावी. डाव्या पानावर जमा व उजव्या पानावर खर्च लिहावा. खर्चाचे पाच भाग पाडावेत: अन्न, इंधन, वीज व प्रवास, शिक्षण व औषध, शेती, आणि किरकोळ. रोज रात्री जेवणानंतर पाच मिनिटे सर्वांनी दिवसाचा खर्च सांगावा आणि शाळेत जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने तो लिहावा. कोणी कोणाला दोष देऊ नये. पहिला महिना नुसता लिहिण्याचा आहे.

महिन्याच्या शेवटी बेरीज केली म्हणजे चित्र स्पष्ट होते. उदाहरणार्थ, पाच माणसांचे एक कुटुंब घेऊ. घरातील दोन पुरुष नाक्यावर दिवसाला दोन-दोन कप चहा घेतात. एक कप १० रुपये धरला तर रोजचे ४० व महिन्याचे १,२०० रुपये होतात. तंबाखू व विडी यांना रोज ३० रुपये धरले तर महिन्याचे ९०० रुपये. दोन मुलांना रोज १० रुपयांची एकेक खाऊची पुडी, म्हणजे महिन्याचे ६०० रुपये. तीनही मिळून महिन्याला २,७०० आणि वर्षाला ३२,४०० रुपये झाले. यांपैकी एकही खर्च करताना कोणास तो मोठा वाटला नाही. याच कुटुंबाने खरिपासाठी २०,००० रुपयांचे कर्ज काढलेले असेल, तर त्याने हे दोन आकडे एकाच पानावर शेजारी लिहून पाहावेत.

चहा अजिबात सोडावा असे येथे सांगावयाचे नाही. चार कपांपैकी दोन घरी घेतले, मुलांना पुडीऐवजी भाजलेले चणे, शेंगदाणे किंवा घरचे पोह्यांचे पदार्थ दिले, आणि तंबाखू हळूहळू सोडला, तर निम्मी रक्कम सहज वाचते. तंबाखू सोडण्यात पैशाबरोबर तोंडाच्या कर्करोगापासून बचाव आहे, हा लाभ वेगळाच.

आगोटीची बेगमी

पावसाळा तोंडावर आला की कोकणात आगोटीची तयारी सुरू होते. भात, कडधान्ये, तिखट, हळद, मीठ, चिंच, कोकम, पापड, लोणची, सुकी मासळी, सरपण, गुरांसाठी पेंढा हे सर्व पावसाच्या चार महिन्यांसाठी आधीच भरून ठेवण्याची ही रीत आहे. रस्ते बंद होत, होड्या बंद होत, म्हणून ती पडली. आता रस्ते बंद होत नाहीत, तेव्हा आगोट कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. उत्तर सोपे आहे. वस्तू मुबलक असते तेव्हा स्वस्त असते, आणि पावसाळ्यात शेतकऱ्याच्या हाती सर्वांत कमी पैसा असतो. पनवेलच्या बाजारात चार रुपये जास्त मोजून उधारीवर वस्तू आणण्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यांत ती भरून ठेवणे केव्हाही शहाणपणाचे. जून व जुलै महिन्यांत समुद्रातील मासेमारीवर बंदी असते; त्यामुळे सुकट, बोंबील यांची खरेदी त्यापूर्वीच करून, कडक उन्हात पुन्हा वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचा हिशेब भाताचा. पुष्कळ कुटुंबे सुगी होताच गरजेपोटी भात विकतात व श्रावणात तांदूळ विकत आणतात. हा दुहेरी तोटा आहे. समजा, घरात पाच माणसे असून माणशी रोज सरासरी ४०० ग्रॅम तांदूळ लागतो. म्हणजे रोज २ किलो व वर्षाला ७३० किलो. एक क्विंटल भात भरडले असता साधारणपणे ६६ किलो तांदूळ मिळतो. म्हणून ७३० किलोंसाठी सुमारे ११ क्विंटल भात हवे. शिधापत्रिकेवर जे धान्य मिळते ते यातून वजा करावे. उरलेला आकडा खळ्यावरच ठरवावा आणि तेवढे भात प्रथम कणगीत भरावे. विक्रीचा विचार त्यानंतर. भाताचा भाव क्विंटलला २,३०० रुपये व बाजारातील तांदळाचा भाव किलोला ४५ रुपये धरला, तर एका क्विंटल भाताच्या बदल्यात मिळणारा ६६ किलो तांदूळ विकत घेण्यास २,९७० रुपये पडतात. म्हणजे दर क्विंटलमागे ६७० रुपयांचा फरक. त्यातून भरडाई व वाहतूक वजा केली तरी काही रक्कम उरतेच. शिवाय कोंडा कोंबड्यांना व गुरांना मिळतो.

साठवण नीट नसेल तर ही बेगमी किडीच्या व उंदरांच्या पोटात जाते. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी:

१. भात चांगले वाळवावे. साठवणीच्या वेळी दाण्यात १२ ते १४ टक्क्यांहून अधिक ओल नसावी. दाताखाली दाणा धरला असता तो चेपला न जाता कट्कन तुटला म्हणजे वाळला असे समजावे.
२. वर्षाची गरज तांदळाच्या रूपात न ठेवता भाताच्या रूपात ठेवावी. तुसामुळे दाण्याचे किडीपासून पुष्कळ रक्षण होते. एका वेळी महिना-दोन महिन्यांपुरतेच भरडावे.
३. गोणी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत. खाली लाकडी फळ्या असाव्यात व भिंतीपासून हातभर अंतर असावे.
४. वाल व इतर कडधान्ये कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावर, चाळलेल्या कोरड्या राखेत किंवा वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याबरोबर बंद डब्यात ठेवावीत.
५. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो. धान्य वाचविताना माणूस गमावण्याचा प्रसंग येता कामा नये.

बियाणेही आगोटीचाच भाग होय. कर्जत येथील कृषि संशोधन केंद्राने भाताचे अनेक सुधारित वाण दिले आहेत. अशा सुधारित, परंतु संकरित नसलेल्या, वाणांचे बियाणे शेतातील निरोगी व निर्भेळ भागातून निवडून दोन-तीन वर्षे घरचेच वापरता येते. संकरित वाणाचे बियाणे मात्र दर वर्षी नवेच घ्यावे. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे सोडावे. तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत. तळाचे दाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावेत. पोचट बियाणे पेरून रोपे कमी पडली आणि मागाहून शेजारून विकत आणावी लागली, म्हणजे आधी वाचविलेला पैसा तेथेच खर्ची पडतो.

चूल आणि इंधन

घरात १४.२ किलोंची गॅसची टाकी आली की ती कोणत्या दिवशी जोडली ते भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहावे. टाकी किती दिवस पुरली हे कळल्याशिवाय गॅसची काटकसर झाली की नाही हे कळत नाही. पुढील सवयींनी ती निश्चित अधिक दिवस पुरते.

कडधान्ये रात्री भिजत घालावीत. वालाला मोड आणून त्याचे बिरडे करण्याची येथील पद्धत चवीबरोबर इंधनाच्या दृष्टीनेही उत्तम आहे, कारण भिजलेला व मोड आलेला दाणा लवकर शिजतो. तांदूळही अर्धा तास भिजवावा. भांड्यावर झाकण ठेवावे. उकळी आली की आच मंद करावी. उकळते पाणी मोठ्या आचेने अधिक तापत नाही, त्याची नुसती वाफ होते. ज्वाला भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नये. ज्वाला निळी असावी. पिवळी दिसू लागली व भांडी काळी होऊ लागली तर बर्नर साफ करावा. स्वयंपाकाला लागणारे सर्व साहित्य चिरून, निवडून जवळ घेतल्यानंतरच शेगडी पेटवावी. भात शिजविताना जास्त झालेले पाणी ओतून न देता त्याची पेज घ्यावी. त्यात अन्नाचा अंश असतो.

भाताच्या मुलखाला विशेष उपयोगी असा एक जुना उपाय म्हणजे पेंढ्याची पेटी. लाकडी खोका किंवा मोठी टोपली घेऊन तिच्या तळाशी व बाजूंना चार-पाच बोटे जाडीचा कोरडा पेंढा दाबून बसवावा. मध्ये पातेले बसेल एवढी जागा ठेवावी व वर पेंढा भरलेली उशी असावी. भिजविलेले तांदूळ झाकण ठेवून पाच मिनिटे चांगले उकळू द्यावेत आणि उकळते पातेले तसेच पेटीत ठेवून वर उशी दाबावी. तास-दीड तासात भात आतल्या उष्णतेनेच शिजतो. बाई शेतावर जाताना भात पेटीत ठेवून गेली तरी करपण्याची भीती नाही. मात्र पेटी मध्येच उघडून पाहू नये आणि भात शिजल्यानंतर तो तासन्‌तास कोमट राहू देऊ नये. वेळेवर खावा, नाहीतर तो आंबण्याचा संभव असतो. या पेटीला एक पैसाही खर्च येत नाही.

चार-पाच मोठी जनावरे असलेल्या कुटुंबाने गोबर गॅसचा विचार करावा. दोन घनमीटर क्षमतेच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. त्यात लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो आणि बाहेर पडणारी मळी उत्तम खत असते. म्हणजे एकाच शेणापासून इंधनही मिळते आणि खतही. गोवरी जाळली तर खत जाते. ज्याच्याकडे एकच गाय आहे त्याने मात्र या खर्चात पडू नये. मोठ्या आकाराचे संयंत्र बांधून ते उपाशी ठेवणे ही काटकसर नव्हे.

परसबाग

पाच माणसांना रोज माणशी ३०० ग्रॅम भाजी धरली तर दीड किलो, म्हणजे महिन्याला ४५ किलो भाजी लागते. किलोला ५० रुपये भाव धरल्यास हा खर्च २,२५० रुपये होतो. अर्ध्या गुंठ्याच्या परसात यातील सर्व नव्हे, पण बराच भाग पिकतो. शेवगा, कढीलिंब, लिंबू, पपई व केळ ही कायमची झाडे कडेने लावावीत. पावसाळ्यात मांडवावर व छपरावर दुधी, पडवळ, शिराळे, घोसाळे, कारले व काकडी चढवावी. थंडीत लाल माठ, मेथी, मुळा, वांगी, टोमॅटो व मिरची घ्यावी.

पाण्यासाठी वेगळा खर्च नको. न्हाणीचे व भांडी धुण्याचे पाणी दारात साचले तर डास होतात; तेच पाणी खडी व वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून नेऊन केळी, अळू व कर्दळीला दिले तर दोन्ही कामे साधतात. मात्र साबणाचे पाणी कच्च्या खाण्याच्या पालेभाजीवर सोडू नये. स्वयंपाकघरातील कचरा, भाज्यांची देठे व झाडलोट परसातील खड्ड्यात टाकून कंपोस्ट करावे. पाच-दहा गावठी कोंबड्या उरलेसुरले अन्न व कोंडा खाऊन घराला अंडी देतात.

याखेरीज निसर्गाची बाग आहेच. पहिल्या पावसाबरोबर टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, शेवळ या रानभाज्या माळावर व डोंगरउतारावर येतात. कातकरी व ठाकूर समाजातील भगिनी त्या पनवेलच्या बाजारात विकावयास आणतात. घरातील वडीलधाऱ्या बायकांना यांची ओळख आहे. ती मुलींना व सुनांना करून द्यावी. शेवळ काकड, चिंच किंवा कोकमाच्या आंबटाबरोबरच शिजवावी, नाहीतर घसा खवखवतो. ओळख पक्की नसलेली वनस्पती कधीही खाऊ नये.

वीज, कापड व किरकोळ वस्तू

साठ वॅटचा जुना दिवा रोज ५ तास जळला तर महिन्याला ९ युनिट वीज लागते. तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटाहून कमी घेतो. घरात असे चार दिवे असतील तर फरक तिसाहून अधिक युनिटांचा पडतो. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या पद्धतीचा ३० वॅटच्या आत चालतो. जुना बिघडला की दुरुस्तीऐवजी नवा घेण्याचा हिशेब करून पाहावा. कपडे उसवताच शिवावेत. जुन्या लुगड्यांची गोधडी करावी. साबण, तेल यांसारख्या वस्तूंसाठी गावाजवळच्या ग्रामोद्योगांकडे पाहावे. युसुफ मेहेरअली सेंटर ही १९६१ मध्ये स्थापन झालेली संस्था पनवेल तालुक्यातील तारा येथे अशा ग्रामोद्योगांचे काम करीत आली आहे. बचत गटांतील भगिनींनी असे उद्योग प्रत्यक्ष पाहून काय शिकता येईल याचा विचार करावा.

बाजारला जाताना यादी करून जावे आणि एका खेपेत तीन कामे करावीत. मोटारसायकल विनाकारण नाक्यापर्यंत नेणे ही सवय महिन्याच्या शेवटी वहीत दिसते. हप्त्यावर वस्तू घेताना हप्ता पाहू नये, बेरीज पाहावी. पंधरा हजारांचा मोबाईल महिना १,६०० रुपयांच्या बारा हप्त्यांनी घेतला तर १९,२०० रुपये दिले जातात. म्हणजे ४,२०० रुपये केवळ थांबण्याची तयारी नसल्याबद्दल दिले.

हळद, लग्न व सण

शेतकऱ्याचे कर्ज शेतातून जितके येते तितकेच मांडवातूनही येते. अलीकडे या भागात हळदीचा समारंभ लग्नाहूनही मोठा होऊ लागला आहे. जेवणावळी, वाद्ये, मंडप व रोषणाई यांत एका रात्रीत जी रक्कम जाते, ती फेडण्यास पुढील कित्येक सुग्या लागतात. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली व त्याच वर्षी कमी खर्चाच्या विवाहाची पद्धत सुरू केली, तिच्यामागे शेतकऱ्याला लग्नाच्या ऋणातून सोडविण्याचाही हेतू होता. दीडशे वर्षांनंतरही तो प्रश्न सुटलेला नाही.

हा खर्च एकट्या कुटुंबाने कमी करणे कठीण असते, कारण लोक काय म्हणतील ही भीती असते. येथे गावकीचा उपयोग होतो. हळदीच्या जेवणाचे पदार्थ, वाद्ये व आहेर यांची मर्यादा गावकीने एकमताने ठरविली, तर गरिबाची लाज राहते व सधनालाही सोय होते. गावकीची भांडी, सतरंज्या व मंडपाचे सामान असेल तर प्रत्येकाला भाडे भरावे लागत नाही. सण साजरे करावेत, पण ऋण काढून नव्हे. माघाच्या सुमारास शेतावर वालाच्या शेंगांची पोपटी लावली जाते. मडके, भांबुर्डीचा पाला, घरच्या शेंगा व शेजारचे दहा लोक एवढ्यावर जो आनंद मिळतो, त्याला भाड्याची वाद्ये लागत नाहीत.

कर्ज, व्याज व बचत गट

काटकसरीचा सर्वांत मोठा शत्रू व्याज. १९५१-५२ साली झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांकडून येत होते व सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. त्यानंतर सहकारी संस्था व बँका गावोगाव पोचल्या. तरीही घाईच्या वेळी सावकाराकडे वळणारी पावले अद्याप पूर्णपणे थांबलेली नाहीत.

हिशेब असा आहे. शेकडा दरमहा ५ रुपये दराने घेतलेल्या २०,००० रुपयांवर महिन्याला १,००० रुपये व्याज होते. जून ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत ६,००० रुपये केवळ व्याजाचे. किसान क्रेडिट कार्डावरील पीककर्जास केंद्राच्या व्याज सवलतीनुसार ३ लाख रुपयांपर्यंत ७ टक्के व वेळेवर फेड केल्यास ४ टक्के वार्षिक दर पडतो. त्याच रकमेवर सहा महिन्यांचे व्याज ४०० रुपये होते. कागदपत्रे वेळेवर तयार ठेवण्याच्या एका सवयीने ५,६०० रुपये वाचतात. इतकी बचत चहा सोडूनही लवकर होत नाही. परवाना नसताना सावकारी करणे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे, हेही सर्वांना माहीत असावे.

अचानक येणाऱ्या लहान गरजांसाठी बचत गट हा उत्तम आधार आहे. राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून काम करीत आहे. राष्ट्रीय कृषि व ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्यास प्रारंभ केला. बारा भगिनींनी दरमहा शंभर रुपये जमा केले तर वर्षाला १४,४०० रुपये होतात. रक्कम लहान, परंतु रात्री मूल आजारी पडले असता ती गावातच मिळते, हे तिचे मोल.

जमिनीचा मोबदला

शेवटी अशा एका पैशाविषयी, जो एकदाच येतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनासाठी ठरविण्यात आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. इतके मोल देऊन मिळालेला पैसा किंवा भूखंड दोन-चार वर्षांत गाडी, मांडव व देणी यांत संपला, तर त्या घराजवळ ना जमीन राहते ना मोबदला.

म्हणून एक नियम पाळावा: मोबदल्याची मुद्दल चुलीत जाऊ देऊ नये. समजा १० लाख रुपये आले व वार्षिक ७ टक्के व्याजाने पोस्टात किंवा बँकेत ठेवले, तर वर्षाला ७०,००० म्हणजे महिन्याला सुमारे ५,८०० रुपये मिळतात. घरखर्चाला हे व्याज वापरावे. मुद्दलीतून प्रथम जुने महाग कर्ज फेडावे व उरलेल्यातून शिक्षण, दुसरी जमीन किंवा चालणारा धंदा उभारावा. ठेव पती-पत्नी दोघांच्या नावे असावी व दोघांच्या सहीशिवाय काढता येऊ नये. रक्कम हाती आल्यावर निदान सहा महिने कोणतीही मोठी खरेदी करू नये. महिन्याभरात दामदुप्पट देण्याचे सांगणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे. ज्या घरात हिशेबाची वही आधीपासून आहे, तेच घर हा पैसा सांभाळू शकते. दहा रुपयांचा हिशेब न ठेवणाऱ्याला दहा लाखांचा हिशेब एकाएकी ठेवता येत नाही.

कोठे काटकसर करू नये

१. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीचा आहार, मुलांचे दूध, अंडी व डाळी. घरातील स्त्रीने सर्वांत शेवटी व उरलेले खाणे ही बचत नव्हे.
२. औषधोपचार. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालविता रुग्णालयात न्यावे. जुलाब होत असल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी वरचेवर पाजावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.
३. मुलींचे शिक्षण.
४. चांगले बियाणे व बीजप्रक्रिया.
५. फवारणीच्या वेळचे हातमोजे व तोंडावरील आवरण.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा पाठ एकाच सभेत वाचून दाखवू नये. पहिल्या सभेत फक्त हिशेबाची वही समजावून द्यावी व पाच इच्छुक कुटुंबे निवडावीत. महिन्यानंतर दुसरी सभा घेऊन, कोणाचेही नाव न घेता, वह्यांतील बेरजांवर चर्चा करावी. पेंढ्याची पेटी व मिठाच्या पाण्यातील बियाणे निवड ही दोन प्रात्यक्षिके स्त्री-पुरुष दोघांसमोर करून दाखवावीत. सभेची वेळ भगिनींना सोयीची असावी, कारण घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग त्यांच्या हातून होतो.

कामाचा क्रम महिन्यांप्रमाणे असा ठेवता येईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वर्षाच्या भाताची मोजणी व साठवण, डिसेंबर-जानेवारीत परसबाग, फेब्रुवारी-मार्चमध्ये लग्नसराईपूर्वी गावकीची बैठक व पीककर्जाची फेड, एप्रिल-मेमध्ये आगोटीची भरणी व नव्या पीककर्जाची कागदपत्रे, जूनमध्ये वहीची वार्षिक बेरीज. त्या बेरजेत दोन आकडे पाहावेत: खरिपासाठी बाहेरून किती रुपये उचलावे लागले आणि कणगीत किती भात शिल्लक आहे. पहिला आकडा गतवर्षापेक्षा कमी व दुसरा जास्त असेल, तर त्या घरी काटकसर रुजली असे समजण्यास हरकत नाही.